जुनी वर्कस्टेशनं स्वतः चालवून बघायची आहेत? मग इथून सुरू करा

कॉलेजात ओएस (ऑपरेटिंग सिस्टीम) हा विषय असतो तेव्हा शेड्युलिंग, डेडलॉक, पेजिंग एवढं होतं आणि सेमिस्टर संपतं. स्क्रीनवरची विंडो नक्की कोण काढतं, एक विंडो दुसरीवरून बाजूला केली की खालचं चित्र परत कोण रंगवतं, कॉपी केलेला शब्द मधल्या वेळात कुठे असतो, हे प्रश्न त्यात येतच नाहीत. आणि साधारण १९७३ ते १९९५ या काळात वर्कस्टेशन बनवणारे लोक नेमक्या ह्याच प्रश्नांवर झटत होते, प्रत्येकाने वेगळं उत्तर काढलं, काही उत्तरं आज आपल्या लॅपटॉपवर आहेत आणि काही चांगली असूनही मागे पडली. स्क्रीनशॉट बघून यातलं काही म्हणजे काहीच कळत नाही, हे ठामपणे सांगतो. माऊस हातात घेऊन चालवावं लागतं. सुदैवाने आज यातल्या बऱ्याच सिस्टीम एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, घरबसल्या चालतात, पैसे पडत नाहीत, फक्त थोडा वेळ आणि चिकाटी लागते.

आधी वर्कस्टेशन म्हणजे काय ते. एका माणसाने एकट्याने वापरायचं, पण घरगुती पीसीपेक्षा खूप ताकदवान, मोठा स्क्रीन आणि नेटवर्कला जोडलेलं मशीन. १९८० च्या सुरुवातीला कार्नेगी मेलन युनिव्हर्सिटीत राज रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं सोपं माप केलं होतं, ३एम: एक मेगाबाइट मेमरी, दहा लाख पिक्सेलचा स्क्रीन आणि सेकंदाला दहा लाख सूचना पाळणारा प्रोसेसर. आज हे आकडे किरकोळ वाटतात, पण त्या वेळी साधा पीसी याच्या जवळपासही नव्हता आणि म्हणूनच विंडो, आयकॉन, माऊस हे सगळं आधी वर्कस्टेशनवर झालं.

पायरी १: एकच काम ठरवा आणि तेच सगळीकडे करा

नवीन माणसाची गडबड अशी होते की एम्युलेटर चालू झाला की इकडे क्लिक तिकडे क्लिक, दहा मिनिटांत कंटाळा, बंद. त्यापेक्षा एक छोटं काम ठरवून घ्या. मी सगळ्यांना चिठ्ठीचं काम सुचवतो. दोन ओळींची चिठ्ठी लिहायची, उद्या दूध दोन लिटर, आईला फोन, असं काहीही, अर्थात रोमन लिपीत कारण या मशीनवर देवनागरी टाइप होणार नाही. मग त्यातला एक शब्द उचलून दुसऱ्या विंडोत न्यायचा. मग ती विंडो दुसऱ्या विंडोखाली ढकलून परत बाहेर काढायची. मग सेव्ह करून बंद करायची आणि परत शोधून उघडायची. बस, एवढंच. पण हे चार प्रकार तुम्ही चार सिस्टीमवर केलेत की फरक आपोआप दिसायला लागतात, कुणी समजवायची गरज पडत नाही.

वही जवळ ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी लिहा: चिठ्ठी सुरू करायला आधी प्रोग्राम उघडावा लागला की कागद? माऊसच्या कुठल्या बटणाने काय झालं? टाइप केलेलं कुठल्या विंडोत गेलं, क्लिक केलेल्या की माऊस जिच्यावर होता तिच्यात?

पायरी २: नेक्स्टस्टेपपासून सुरुवात करा, आल्टोपासून नाही

सगळे म्हणतील इतिहास आहे तर १९७३ पासून सुरू करा. करू नका. आल्टोवर, म्हणजे त्या १९७३ च्या मशीनवर, पहिल्या दिवशी गेलात तर वैतागाल. नेक्स्टस्टेप, म्हणजे नेक्स्ट कंपनीच्या मशीनवरची ऑपरेटिंग सिस्टीम, आपल्या सवयीच्या खूप जवळ आहे आणि इन्फिनिट मॅक नावाच्या साइटवर थेट ब्राउझरमध्ये चालतं, काही इन्स्टॉल करायची झंझट नाही. तिथे ३.३ व्हर्जन निवडा. पुढे जास्त खोलात जायचं असेल तर प्रीव्हियस नावाचा एम्युलेटर स्वतःच्या मशीनवर घेता येतो.

स्टीव्ह जॉब्सने ॲपल सोडल्यावर १९८५ मध्ये नेक्स्ट कंपनी काढली, १२ ऑक्टोबर १९८८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो काळा ठोकळा लोकांसमोर आला, किंमत ६,५०० डॉलर, आत २५ मेगाहर्ट्झचा ६८०३० प्रोसेसर, ८ एमबी मेमरी, आणि १७ इंची स्क्रीन ज्यावर ११२० गुणिले ८३२ पिक्सेल, पण रंग नाहीत, फक्त काळा, पांढरा आणि मधले दोन करडे. खाली माक कर्नल (सिस्टीमचा गाभा) आणि बीएसडी हा युनिक्सचा प्रकार, वर चित्र काढायला डिस्प्ले पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरला कागदावर छापायला जी भाषा जाते तीच स्क्रीनलाही, त्यामुळे जे दिसतं तेच छापून येतं.

फाइल व्ह्यूअरमधून नेक्स्टॲप्स फोल्डरमध्ये जा, एडिट उघडा. मेनू वरच्या पट्टीत शोधू नका, तो डावीकडे वर उभा आहे, आणि स्क्रोलबार विंडोच्या डाव्या कडेला. मेनूतला एखादा उपमेनू धरून ओढा, तो सुटून वेगळा होतो आणि तुम्ही ठेवाल तिथे राहतो, एकच काम परत परत करायचं असेल तर हे इतकं सोयीचं आहे की आजच्या सिस्टीममध्ये का नाही असं मला दर वेळी वाटतं. आता चिठ्ठी लिहायला लागा आणि विंडोच्या उजव्या वरच्या कोपऱ्यातलं फुलीचं बटण नीट बघा. टाइप केल्या केल्या ती फुली तुटलेली दिसते. सेव्ह करा, फुली परत अखंड होते. न सेव्ह केलेलं काम बाकी आहे हे सांगायला ना सूचनेचा डबा उघडला ना आवाज केला, फक्त फुलीचा मधला भाग गायब केला. पुढे मॅकवर लाल बटणात जो काळा ठिपका आला त्यामागे हाच विचार आहे. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट विकत घेतल्याचं जाहीर केलं आणि आजचं मॅकओएस याच पायावर उभं राहिलं.

प्रोग्रामिंगची आवड असेल आणि तुमच्या डिस्क इमेजमध्ये (एम्युलेटर वापरतो त्या डिस्कच्या प्रतीत) डेव्हलपर टूल्स असतील तर इंटरफेस बिल्डर हे विंडो आणि बटणं मांडायचं साधन उघडा. रिकाम्या विंडोत एक स्लायडर ठेवा, एक टेक्स्ट फील्ड ठेवा, कंट्रोल दाबून स्लायडरपासून फील्डपर्यंत रेघ ओढा, यादीतून पूर्णांक घेणारा पर्याय निवडून जोडा आणि टेस्ट करा. स्लायडर हलवला की आकडा बदलतो, कोडची एकही ओळ न लिहिता! टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत पहिला वेब ब्राउझर नेक्स्टवर लिहिला, आणि तो तिथे इतक्या लवकर का उभा राहू शकला ते हा प्रयोग केल्यावर लगेच पटतं.

पायरी ३: आता एक्स, तेही आपल्याच लिनक्सवर

एक्स म्हणजे युनिक्स आणि लिनक्सवर विंडो दाखवणारी यंत्रणा, आणि याला जुनं मशीन लागतच नाही. उबंटू किंवा डेबियन असेल तर झेफिर, टीडब्ल्यूएम (विंडो मॅनेजर, म्हणजे विंडोची चौकट काढून ती हलवू देणारा प्रोग्राम), एक्सटर्म (कमांड टाइप करायची विंडो) आणि एक्स११-ॲप्स (छोटे प्रोग्राम) ही पॅकेजं टाका. झेफिर म्हणजे तुमच्या डेस्कटॉपवर एका विंडोत चालणारा वेगळा एक्स सर्व्हर. त्याला साइझ ११५२ गुणिले ९०० द्या, सनच्या वर्कस्टेशनचं नेहमीचं रिझोल्यूशन, आणि रेट्रो हा ऑप्शन लावा म्हणजे मागे ती बारीक करडी जाळी आणि फुलीच्या आकाराचा कर्सर येईल. मग त्याच डिस्प्लेवर टीडब्ल्यूएम आणि एक्सटर्म चालू करा. एक्सटर्म चालू झाल्यावर विंडो लगेच दिसत नाही, माऊसला चिकटलेली नुसती चौकट दिसते, तुम्ही क्लिक कराल तिथे विंडो बसते. बरेच जण इथे अडकतात, प्रोग्राम हँग झाला समजून बंद करतात.

एक्स १९८४ मध्ये एमआयटीत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी सुरू केलं. तिथे प्रोजेक्ट अथेना चालू होता, डीईसी आणि आयबीएम या दोन कंपन्यांची मशीन कॅम्पसवर, प्रत्येकाची वेगळी तऱ्हा, आणि विद्यार्थ्याला कुठल्याही मशीनसमोर बसून कुठल्याही मशीनवरचा प्रोग्राम वापरता यायला हवा होता. म्हणून नेटवर्क हे एक्समध्ये मागाहून जोडलेलं नाही, मुळापासूनच आहे. सप्टेंबर १९८७ मध्ये अकरावं व्हर्जन आलं आणि आपण आजही एक्स११ च म्हणतो. एक गोष्ट पहिल्यांदा सगळ्यांना उलटी वाटते: सर्व्हर म्हणजे तुमच्या समोरचं मशीन, ज्याच्याकडे स्क्रीन, कीबोर्ड आणि माऊस आहे, आणि प्रोग्राम हा क्लायंट, तो लांबच्या मोठ्या मशीनवर असला तरी. दुसरं लिनक्स मशीन असेल तर एसएसएचने एक्स फॉरवर्डिंग लावून तिथलं एक्सक्लॉक हे घड्याळ इथे उघडा, लगेच डोक्यात बसेल.

चिठ्ठीसाठी एक्सएडिट वापरा. टाइप केलेलं माऊस जिच्यावर आहे त्या विंडोत जातं, क्लिक लागत नाही. शब्द डाव्या बटणाने निवडा, दुसऱ्या विंडोत जाऊन मधलं बटण दाबा, शब्द तिथे. कॉपीची वेगळी कमांड नाहीच, निवडलं हेच पुरेसं. आणि स्क्रोलबार नक्की बघा: त्यावर डावं बटण दाबलं की मजकूर पुढे सरकतो, उजवं दाबलं की मागे, मधलं धरून ओढलं की हवं तिथे. सुरुवातीला हात चुकतो, नंतर आवडायला लागतो.

आता या लेखातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग, हा चुकवू नका. एक्सटर्ममधून एक्सकॅल्क हा कॅल्क्युलेटर चालू करा, मग त्या एक्सटर्ममध्ये कंट्रोल-झेड दाबून त्याला थांबवा. आता दुसरी विंडो एक्सकॅल्कवर आणून ठेवा आणि परत बाजूला करा. जेवढा भाग झाकला होता तेवढी बटणं आणि आकडे पुसले जातात, रिकामी जागा उरते. एफजी टाइप करून एंटर दाबा, सगळं परत येतं. कारण एक्स सर्व्हर झाकलेल्या भागाचं चित्र जपून ठेवायला बांधील नाही, तो प्रोग्रामला फक्त कळवतो की तुझा एवढा भाग उघडा पडलाय, काढ परत, आणि इथे प्रोग्रामच झोपवलेला. नेक्स्टस्टेपवर विंडो सर्व्हर स्वतःकडे प्रत ठेवायचा, म्हणून तिथे प्रोग्राम अडकला तरी त्याची विंडो सहसा शाबूत दिसते. एकाने मेमरी वाचवली, दुसऱ्याने मेमरी खर्च करून डोळ्याला शांतता दिली. मेमरी महाग असताना १९८४ ला एक्सने घेतलेला निर्णय मला बरोबर वाटतो आणि १९८८ ला नेक्स्टने घेतलेलाही.

एक्सने अजून एक मोठा निर्णय घेतला, दिसावं कसं हे आपण ठरवायचंच नाही. विंडोची चौकट, बटणं, मेनू सगळं दुसऱ्यांवर सोडलं. म्हणून टीडब्ल्यूएम काढून दुसरा विंडो मॅनेजर लावला की तेच प्रोग्राम वेगळेच दिसतात. स्वातंत्र्य भरपूर मिळालं, पण त्यामुळे पुढे काय गोंधळ झाला ते पायरी ६ मध्ये.

पायरी ४: आल्टो

आता तयारी झाली. कॉन्ट्राल्टो हा एम्युलेटर घ्या, सिॲटलच्या लिव्हिंग कॉम्प्युटर्स म्युझियममध्ये तयार झालेला. म्युझियम आता कायमचं बंद झालंय, एम्युलेटर मात्र मिळतो. विंडोजवर सरळ चालतो, लिनक्सवर मोनो हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं. सोबत डिस्क इमेज येतात, त्यातली नॉनप्रोग नावाची लावा. एम्युलेटरने माऊस पकडून ठेवला की आल्ट दाबून सोडवायचा.

झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो चालू झाला, हार्डवेअर चक थॅकर यांचं, मूळ मागणी मांडणाऱ्यांत बटलर लॅम्पसन. स्क्रीन उभा, कागदासारखा, ६०६ गुणिले ८०८ पिक्सेल, आणि प्रत्येक पिक्सेलला मेमरीत एक बिट. हिशोब करून बघा: जवळपास ६० केबी फक्त चित्राला, आणि मशीनची एकूण मेमरी १२८ केबी. म्हणजे अर्धी मेमरी स्क्रीनवर ओतली. त्या काळात हे वेडं वाटणारं धाडस होतं, पण त्यांचा विचार असा की मेमरी स्वस्त होणारच आहे, तर दहा वर्षांनंतरचं मशीन आज महागात बनवून त्यावर काम करून बघू. मला या सगळ्या इतिहासात हाच विचार सगळ्यात मोठा वाटतो.

बूट केल्यावर डेस्कटॉप शोधाल तर सापडणार नाही. एक्झिक्युटिव्ह नावाचा कमांड प्रॉम्प्ट येतो. प्रश्नचिन्ह टाइप केलं की फाइलींची यादी दिसते. ब्राव्हो टाइप करा, हा लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांचा एडिटर, स्क्रीनवर ठळक, तिरकं, वेगवेगळे फाँट जसे छापले जातील तसे दाखवणारा. पण थेट टाइप करू नका! ब्राव्हो आधी कमांड मोडमध्ये असतो, आय दाबलं की मजकूर घालता येतो, एस्केप दाबलं की परत कमांड. याचा प्रसिद्ध किस्सा असा की कुणी चुकून कमांड मोडमध्येच ईडीआयटी ही चार अक्षरं दाबली तर ई ने सगळा मजकूर निवडला जातो, डी ने उडतो, आय ने घालायचा मोड चालू होतो आणि शेवटी कागदावर उरतं एकटं टी. एम्युलेटरवर फालतू फाइल घेऊन हे नक्की करून बघा, कारण त्याशिवाय लॅरी टेस्लर यांना मोडचा एवढा राग का होता ते कळत नाही. त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत जिप्सी हा एडिटर केला, ज्यात टाइप केलं की टाइपच होतं, आणि कट-कॉपी-पेस्ट आपल्याला माहीत आहे त्या रूपात तिथे आलं.

एकमेकांवर येणाऱ्या विंडो आणि माऊसजवळ उघडणारे मेनू बघायचे तर स्मॉलटॉक ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिची सिस्टीम हवी, ॲलन के, डॅन इंगॉल्स, ॲडेल गोल्डबर्ग यांच्या ग्रुपचं काम. जुनी स्मॉलटॉक व्हर्जनं ब्राउझरमध्येही चालतात. इथे मधल्या बटणावर मेनू येतो, आणि प्रोग्राम व ओएस अशी भिंतच नाही, चालू असलेल्या सिस्टीमचाच कोड उघडून बदलता येतो.

पायरी ५: स्टार, आणि आपल्या देवनागरीशी त्याचं नातं

झेरॉक्सच्याच स्टार या पुढच्या मशीनसाठी डार्कस्टार नावाचा एम्युलेटर घ्या. बूट व्हायला वेळ लागतो, चार आकडी कोड बदलत राहतात, घाई करू नका. झेरॉक्स स्टार एप्रिल १९८१ मध्ये बाजारात आला, एका मशीनची किंमत १६,५९५ डॉलर, शिवाय सर्व्हर आणि प्रिंटर वेगळे. धंद्यात चालला नाही. पण चिठ्ठीचं काम इथे कराल तेव्हा वहीतल्या पहिल्या प्रश्नाचं वेगळंच उत्तर मिळेल: इथे प्रोग्राम उघडायचाच नसतो. कोऱ्या कागदाचा आयकॉन निवडायचा, कीबोर्डवरची कॉपी ही खास की दाबायची, डेस्कटॉपवर जागा दाखवायची, झाला नवीन कागद. मूव्ह, कॉपी, डिलीट, प्रॉपर्टीज अशा मोजक्या की, आणि त्या अक्षरावर, चित्रावर, फाइलवर, प्रिंटरवर सारख्याच चालतात. फाइल छापायची? कॉपी दाबून प्रिंटरच्या आयकॉनवर द्या. एम्युलेटरमध्ये या की तुमच्या कीबोर्डवर कुठे आहेत ती यादी आधी वाचून घ्या, नाहीतर पाचव्या मिनिटाला अडाल.

स्टारमध्ये अनेक लिपी एकाच कागदावर लिहिता याव्यात यासाठी झेरॉक्समध्ये खूप काम झालं, जो बेकर त्यातले प्रमुख. त्याच बेकर यांनी १९८८ मध्ये युनिकोडचा, म्हणजे जगातल्या लिपींच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा, मूळ प्रस्ताव लिहिला, आणि १९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी होती. हा लेख मी ज्या अक्षरांत टाइप करतोय ती अशी त्या न खपलेल्या मशीनपर्यंत जाऊन पोचतात, याचं मला फार अप्रूप आहे.

पायरी ६: सन, आणि शेवटी सीडीई

सन मायक्रोसिस्टिम्स ही वर्कस्टेशन बनवणारी कंपनी १९८२ ची, संस्थापक अँडी बेक्टोल्सहाइम, विनोद खोसला, स्कॉट मॅकनीली आणि लवकरच बिल जॉय. बीएसडीवर आधारलेलं सनओएस, आधी सनव्ह्यू नावाची स्वतःची विंडो सिस्टीम, मग जेम्स गॉस्लिंग आणि डेव्हिड रोझेंथाल यांचं न्यूज. न्यूजमध्ये प्रोग्राम आपला पोस्टस्क्रिप्टचा तुकडा सर्व्हरलाच पाठवून द्यायचा, त्यामुळे बटण दाबल्यावर ते दबलेलं दाखवायला नेटवर्कवर फेरी मारायची गरज नव्हती. तांत्रिकदृष्ट्या मला ते एक्सपेक्षा सरस वाटतं. पण एक्सचा सोर्स कुणालाही फुकट मिळत होता आणि न्यूजला सनचं लायसन लागायचं, मग सनचे स्पर्धक कशाला घेतील? एक्स जिंकलं ते मुख्यतः या कारणाने. अपोलोचं डोमेन आणि सिलिकॉन ग्राफिक्सचं आयरिक्स ही अजून दोन मोठी नावं, दोन्हीची मशीन मेम एम्युलेटरवर चालतात पण सेटअप किचकट आहे, सुरुवातीला सोडून द्या. सनओएस क्यूईएमयू या एम्युलेटरवर बसवता येतं, तेही नंतरसाठी.

एक्सने दिसणं दुसऱ्यांवर सोडल्यामुळे सन आणि एटीअँडटीचं ओपनलुक हे बटणं-मेनूचं रूप एकीकडे, बाकी कंपन्यांचं मोटिफ दुसरीकडे, अशी काही वर्षं भांडणं चालली आणि प्रोग्राम लिहिणारे मधल्यामध्ये अडकले. मायक्रोसॉफ्टचं विंडोज एनटी दारात आल्यावर १९९३ मध्ये सन, एचपी, आयबीएम आणि इतर एकत्र बसले आणि एकच डेस्कटॉप ठरवला, सीडीई (कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट), मोटिफवर आणि एचपीच्या व्ह्यू डेस्कटॉपवर बेतलेला. सनने ओपनलुक सोडून दिलं.

२०१२ मध्ये सीडीईचा सोर्स खुला झाला, त्यामुळे हे आज पूर्ण कायदेशीरपणे बसवता येतं. फ्रीबीएसडीच्या पोर्ट्समध्ये आहे, लिनक्सवर बहुतेक वेळा स्वतः कंपाइल करावं लागतं. व्हर्च्युअल मशीनमध्येच करा, कारण त्याला आरपीसीबाइंड ही सेवा चालू लागते आणि ती रोजच्या मशीनवर उघडी ठेवणं बरं नाही. लॉगिन झाल्यावर खाली जाडसर फ्रंट पॅनेल दिसेल, मधे वन, टू, थ्री, फोर अशा चार वर्कस्पेसची बटणं. टेक्स्ट एडिटर उघडून चिठ्ठी लिहा, सेव्ह करा, मग फाइल मॅनेजर उघडून तिचा आयकॉन शोधा. पॅनेलवरच्या एखाद्या छोट्या बाणावर क्लिक केलं की वर कप्पा उघडतो, त्यात इन्स्टॉल आयकॉन अशी जागा असते, चिठ्ठीचा आयकॉन ओढून तिथे सोडा. आता ती पॅनेलमध्ये बसली, कुठल्याही वर्कस्पेसमधून एका क्लिकवर उघडेल. नको झाली तर कप्प्यातल्या त्या आयकॉनवर उजवं बटण दाबून डिलीट करा, मूळ फाइलला धक्का लागत नाही.